आपल्या पिंपरी-चिंचवडचा इतिहास : मोरया गोसावींपासून चाकणपर्यंत

शाळेत असताना आपल्या इतिहासाच्या पुस्तकात रायगड होता, पानिपत होते, फ्रान्सची राज्यक्रांतीसुद्धा होती. पिंपरी-चिंचवड मात्र नव्हते. पुढे पुण्यात इंजिनिअरिंगला गेल्यावर पेठेतल्या मैत्रिणी सहज म्हणायच्या, "तुमच्याकडे काय गं, नुसत्या कंपन्या!" आपणही ते खरे मानून हसायचो. आपले गाव म्हणजे भोंगा, कंपनीच्या बस आणि हायवे. इतिहास बघायचा तर शनिवारवाड्याला जायचे, असा आपला सगळ्यांचाच समज होता.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा शाळेच्या आठवणी इतर मित्र-मैत्रिणी माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील हे मला ठाऊक होते. म्हणून मी आपल्या गावाबद्दल लिहायचे ठरवले. मी इतिहासाची अभ्यासक नाही. वीस वर्षांहून जास्त काळ सॉफ्टवेअर लिहिते आहे. पण या धंद्यात एक सवय लागते. आधीच्या लोकांनी बांधलेली, चालू असलेली एखादी यंत्रणा हातात आली की पहिला प्रश्न विचारायचा : हे इथेच, असेच का बांधले? हाच प्रश्न मी आपल्या गावाला विचारून पाहिला.

दोन नद्यांमधली जमीन

सुरुवात जमिनीपासून करू. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले, त्याचा हा भाग. पश्चिमेला लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पुण्यापर्यंत येईतो तो सातशेच्या आसपास उरतो. जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरच्या अंतरात एवढा फरक! या उताराच्या मध्यावर आपण राहतो. म्हणून मावळात भात आणि चाकण-खेडकडे ज्वारी, बाजरी, कांदा, बटाटा. म्हणून तिकडे दाट झाडी आणि इकडे बाभळी, बोरी आणि गवताचे माळ.

या माळरानाला आपण "ओसाड" म्हणतो, पण ते ओसाड नव्हते. कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनमध्ये हिंडून इथल्या पक्ष्यांची आणि माशांची शास्त्रीय नोंद केली. माळावर राहणारा, डोक्यावर छोटा तुरा असलेला एक चंडोल आजही जगभर साइक्सच्या नावाने ओळखला जातो. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीर माशाचे वर्णन त्यानेच १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. या माशाच्या शास्त्रीय नावात "खुद्री" हा इथलाच शब्द आहे.

माळावर पाणी कमी, पण नद्या मात्र घाटमाथ्यावरचा पाऊस घेऊन येतात. पवना मावळातून येते, रावेत, चिंचवड, कासारवाडीवरून दापोडीला मुळेला मिळते. इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते, देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेत जाते. कोरड्या प्रदेशातून वाहणारी बारमाही नदी जिथे असते तिथे आधी गाव वसते, मग देऊळ होते आणि पुढे कधीतरी कारखानाही येतो. आपल्या भागाचा सगळा इतिहास या दोन नद्यांच्या आधाराने उभा आहे.

मोरया, तुकोबा आणि वारीची वाट

पवनेच्या काठी चिंचवडला मोरया गोसावींची संजीवन समाधी आहे. गणपती बाप्पांच्या जयघोषात आपण जो "मोरया" म्हणतो, तो याच गोसावींमुळे, असे परंपरा मानते. मोरगावच्या मयूरेश्वराचे हे भक्त. भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मोरगावला पालखी नेण्याची प्रथा आजही चालू आहे. त्यांच्या वंशजांना "देव" म्हणत. मंगलमूर्ती वाड्यातल्या या देव घराण्याला राज्यकर्त्यांकडून इनामे मिळत गेली आणि पेशवाईत चिंचवडचा मान फार मोठा झाला. या देवस्थानाच्या व्यवहारांवर लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने इंग्रजीत अख्खा ग्रंथ लिहिला. केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनाने तो १९८९ मध्ये काढला. केंब्रिजला चिंचवडचा इतिहास ग्रंथाएवढा वाटला आणि आपल्याला तो सहलीलाही नेण्याएवढा वाटला नाही, याची मला गंमत वाटते.

इंद्रायणीकाठी आळंदीला ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली. देहूला सतराव्या शतकात तुकोबा झाले. भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर हे आपल्या आजूबाजूचे तीन डोंगर तुकोबांच्या एकांताच्या जागा म्हणून वारकरी मानतात. त्यातल्या घोरावडेश्वराला त्यांच्याही शेकडो वर्षे आधी कोरलेली बौद्ध लेणी आहेत. १६८५ मध्ये तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखीची प्रथा सुरू केली. देहूहून निघालेली ती पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते.

आकुर्डीचा हा मुक्काम आपल्यापैकी प्रत्येकाला आठवत असेल. सकाळी पालखी मुंबई-पुणे रस्त्यावरून पुण्याकडे निघते तेव्हा एका बाजूला कारखान्याच्या भिंती, दुसऱ्या बाजूला कारखान्याची फाटके, आणि मधून टाळ-मृदंग. पहिल्या शिफ्टचे कामगार फाटकाशी उभे राहून हात जोडत, कामगारांची मंडळे चहा-केळी वाटत. त्यातले कित्येक वडील-काका स्वतः वारकरी घरातले होते. सुट्टी मिळत नाही म्हणून वारी चुकलेली, तर वारीच त्यांच्या कंपनीच्या दारात येई. हे दृश्य महाराष्ट्रात दुसरीकडे सहज पाहायला मिळणार नाही.

चाकणचा किल्ला

आता इंद्रायणी ओलांडून चाकणला जाऊ. चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट. पुण्याहून जुन्नर-नाशिककडे जाणारी वाट आणि घाटातून कोकणात उतरणाऱ्या वाटा यांच्यावर नजर ठेवणारा. म्हणून बहामनी काळापासून तो महत्त्वाचा. पंधराव्या शतकात मलिक-उत-तुज्जार या बहामनी सरदाराने चाकणला ठाणे करून कोकणावर मोहीम काढली आणि त्या मोहिमेत तो मारला गेला. पुढे निजामशाहीने पुणे-सुपे परगण्यांबरोबर चाकण मालोजीराजे भोसल्यांकडे दिले.

चाकणची खरी परीक्षा १६६० मध्ये झाली. शाहिस्तेखान प्रचंड मोगल फौज घेऊन पुण्यात उतरला होता. जूनमध्ये त्याने चाकणला वेढा घातला. किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. त्यांच्याजवळ शिबंदी काही शेकड्यांची. शिवाजी महाराज त्या वेळी पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकलेले, त्यामुळे बाहेरून मदत येण्याची आशा नव्हती. भर पावसात, सपाट जमिनीवरचा हा किल्ला जवळजवळ दोन महिने लढला. शेवटी मोगलांनी सुरुंग खोदून बुरूज उडवला, तरीही आतले लोक खिंडारात उभे राहून लढले. १५ ऑगस्टच्या सुमारास किल्ला पडला. खानाने फिरंगोजींना मोगली चाकरी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. ते महाराजांकडे परतले आणि महाराजांनी त्यांचा सन्मानच केला. पुढे भूपाळगडाची किल्लेदारी त्यांच्याकडे होती.

या वेढ्याचा परिणाम मोठा झाला. एका लहानशा भुईकोटासाठी एवढे दिवस आणि एवढी माणसे खर्च झाल्यावर डोंगरी किल्ल्यांच्या वाटेला लगेच जायचे धाडस खानाला झाले नाही. १६६३ च्या एप्रिलमध्ये लाल महालात त्याची बोटे तुटली, ती गोष्ट आपल्याला पाठ आहे. तिच्याआधीची चाकणची गोष्ट कमी जणांना माहीत असते. आज बाजारपेठेच्या गर्दीत या किल्ल्याचे पडके बुरूज आणि खंदकाचा काही भाग उभा आहे. चाकण चौकातल्या कोंडीत तासभर अडकलात तर गाडी बाजूला लावून तो बघून या. चारचाकी पोहोचायच्या आत पायी जाऊन परत याल!

चिंचवडचे चापेकर

चिंचवडचे दुसरे घर चापेकरांचे. हरिभाऊ चापेकर कीर्तनकार. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव ही त्यांची मुले कीर्तनात साथ करत मोठी झाली. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँडच्या हाताखालचे गोरे सैनिक घरोघर झडत्या घेऊ लागले, सामान जाळू लागले, बायकांची तपासणी करू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या समारंभातून परतताना, गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट त्याच रात्री गेला, रँड ३ जुलैला.

दामोदर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांची माहिती पोलिसांना देणाऱ्या द्रविड बंधूंना वासुदेव आणि महादेव रानडे यांनी ठार केले. १८९९ च्या मे महिन्यात वासुदेव ८ तारखेला, रानडे १० तारखेला आणि बाळकृष्ण १२ तारखेला फासावर गेले. एका घरातले तीन मुलगे. आपण चापेकर चौकात रिक्षाची वाट बघत उभे राहायचो तेव्हा "चापेकर" हे आपल्यासाठी बसथांब्याचे नाव होते. त्या घरातल्या आईचा विचार मला स्वतः आई झाल्यावर पहिल्यांदा सुचला.

पेनिसिलीन, ट्रक आणि स्कूटर

मग हे सगळे कारखाने इथेच का आले? पुणे ते खंडाळा रेल्वे १८५८ मध्येच सुरू झाली होती. मुंबईचा रस्ता होता. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना आणि देहूरोडला लष्कराचा डेपो होता, म्हणजे यंत्रावर काम करणारी माणसे होती. पवनेचे पाणी होते. आणि शेतीच्या दृष्टीने हलकी, पण इमारती बांधायला घट्ट अशी मुरमाड जमीन होती.

पहिला मोठा मान पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा. १९५४ मध्ये स्थापना, १९५५ मध्ये उत्पादन. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिलेला हा सरकारी कारखाना. त्याआधी पेनिसिलीन परदेशातून यायचे आणि त्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असे. इथल्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीवर चालणारे औषध शोधले. कारखान्याच्या नावातली आद्याक्षरे घेऊन त्याचे नाव ठेवले "हमायसीन", आणि त्या सूक्ष्मजीवाचे शास्त्रीय नाव आहे "स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना". आपल्या पिंपरीचे नाव जगाच्या शास्त्रीय कोशात आहे आणि ते तिथे मातीमुळे पोहोचले आहे. पुढे खुल्या बाजारपेठेत हा कारखाना तोट्यात गेला आणि आजारी उद्योगांच्या यादीत आला, हेही नोंदवले पाहिजे. त्याच परिसरातल्या मैदानावर जानेवारी २०१६ मध्ये ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते.

१९५४ हे वर्ष आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. त्या वर्षी २५ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. नागपूरच्या धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. म्हणजे घोरावडेश्वराच्या लेण्यांतला बुद्ध अनेक शतकांनी पायथ्याच्या कामगार वस्तीत परत आला.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. मुंबईतली गर्दी कमी करून उद्योग बाहेर न्यायचे हे सरकारचे धोरण होते. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो, पिंपरीला टेल्को, चिंचवडला एसकेएफ, दापोडीला अ‍ॅटलस कॉप्को आणि सँडविक अशी रांग लागली. टेल्कोचे सुमंत मूळगावकर यांनी कारखान्याच्या उघड्या माळावर यंत्रांच्या आधी झाडे लावली, तळे केले. पुढे तिथे पक्षी येऊ लागले. टाटा सुमो या गाडीच्या नावात "सु" सुमंतमधला आणि "मो" मूळगावकरांमधला. १९९८ च्या डिसेंबरमध्ये आलेली इंडिका ही भारतात आखून भारतात बनलेली मोटारही पिंपरीची.

बजाजची गोष्ट तर घराघरातली. १९७२ मध्ये चेतक आली. नंबर लावल्यावर स्कूटर मिळायला वर्षानुवर्षे लागत. मुलगी झाली की स्कूटरचा नंबर लावून ठेवा, म्हणजे लग्नापर्यंत येईल, असा विनोद तेव्हा चाले. २००७ मध्ये आकुर्डीतले वाहनांचे उत्पादन थांबले, तेव्हा एक काळ संपल्यासारखे वाटले. २०२२ मध्ये त्याच आकुर्डीत विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना सुरू झाला.

माणसे आली आणि शहर झाले

कारखान्यांबरोबर माणसे आली. त्यांच्याही आधी फाळणीनंतर सिंधहून आलेली कुटुंबे पिंपरी कॅम्पात वसली आणि त्यांनी आज गजबजलेली ती बाजारपेठ उभी केली. मग साताऱ्या-सांगलीचे, खानदेशातले, १९७२ च्या दुष्काळाने घर सोडलेले मराठवाड्याचे आणि नगरचे, केरळचे, पंजाबचे, उत्तर प्रदेशचे. आपल्या वर्गाचा हजेरीपट आठवा. दर पाचव्या-सहाव्या आडनावाला जिल्हा बदलत होता आणि मधल्या सुट्टीत डब्यांतून सगळा भारत निघत होता. भोसरी-चिखलीची मूळ शेतकरी घरांतली मुलेही त्यात होती. त्यांच्या आजोबांच्या जमिनीवर आपल्या वडिलांचा कारखाना उभा होता, हे तेव्हा ना त्यांनी बोलून दाखवले, ना आपल्याला कळले.

४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले. त्याने सेक्टर पाडले, भूखंड दिले आणि "प्राधिकरण" हे एका सरकारी खात्याचे नाव निगडी-आकुर्डीतल्या पत्त्याचा भाग बनले. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महापालिका, १९९७ मध्ये आणखी १८ गावे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १७ लाख २७ हजारांवर गेली. जकातीच्या उत्पन्नामुळे आपली महापालिका श्रीमंत म्हणून गाजली. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो धावली.

आपल्या घरांचे वेळापत्रक भोंग्यावर चाले. वडील तिसऱ्या पाळीहून आले की दुपारभर घरात कुजबुजत बोलायचे. माझे वडील एका कारखान्यात टर्नर होते. दसऱ्याला लेथला झेंडूची माळ घातली जाई आणि त्या दिवशी कुटुंबांना आत नेत. आईने आणि मी वडिलांची जागा वर्षातून त्या एकदाच पाहिली. संप, टाळेबंदी, वाटाघाटी हे शब्द आपण व्याकरणाआधी शिकलो. १९८९ मध्ये टेल्कोच्या कामगारांचे आंदोलन शनिवारवाड्यापर्यंत गेले, तेव्हा आपल्या वर्गातल्या किती घरांत काळजी होती, ते त्या मुलांनाच ठाऊक.

एका पोस्टकार्डामुळे

मुलींसाठी या इतिहासातले एक पान वेगळे काढून ठेवते. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या एका मुलीने टेल्कोची जाहिरात पाहिली. स्त्रियांनी अर्ज करू नयेत, अशी सूचना त्यात होती. तिने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. तिला मुलाखतीला पुण्याला बोलावले गेले आणि ती टेल्कोत रुजू झाली. ती मुलगी म्हणजे सुधा कुलकर्णी, पुढच्या सुधा मूर्ती. १९८१ मध्ये त्यांच्या दहा हजार रुपयांच्या बचतीतून पुण्यात इन्फोसिस सुरू झाली, हे तर आता सर्वांना माहीत आहे.

मी इंजिनिअरिंगला गेले तेव्हा आमच्या वर्गात मुली होत्या, पण मेकॅनिकलला जेमतेम. वडिलांचे म्हणणे होते, "यंत्राशी तू ऑफिसात बसून बोल." मी तसेच केले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीत आयटी पार्क उभे राहू लागले आणि आपल्या पिढीतली कितीतरी मुले-मुली तिकडे गेली. आज मी मोटारींच्या नियंत्रकांचे सॉफ्टवेअर लिहिते. म्हणजे फिरून आले ते याच पट्ट्यात. वडील लोखंडाला मापात आणत, मी त्याला केव्हा आणि किती हलायचे ते सांगते. फरक एवढाच की त्यांच्या हाताला तेलाचा वास यायचा.

हिशेबाची दुसरी बाजू

नव्वदीनंतर उद्योगांनी चाकणची वाट धरली. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ चा. मर्सिडीज-बेंझ १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात गाड्या बनवत होती, ती २००९ मध्ये चाकणला गेली. त्याच वर्षी फोक्सवॅगन आली, मग महिंद्रा. कारण जुनेच! पुणे-नाशिक रस्ता आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता चाकणला एकमेकांना छेदतात, आणि तळेगावहून द्रुतगती मार्गाने माल थेट न्हावा-शेवा बंदरात जातो. ज्या नाक्यासाठी शाहिस्तेखान थांबला त्याच नाक्यासाठी जर्मन कंपन्या थांबल्या.

पण या प्रगतीचा खर्च कोणी दिला, हे लिहिले नाही तर लेख अर्धा राहील. २००८ मध्ये चाकणजवळ शिंदे-वासुली इथे डाऊ केमिकलचे संशोधन केंद्र उभे राहत होते. भोपाळच्या वायुगळतीतल्या युनियन कार्बाइडचा ताबा २००१ मध्ये याच कंपनीकडे गेलेला. भामचंद्र डोंगर शेजारी, इंद्रायणी-भीमेचे खोरे खाली. गावकरी आणि वारकरी एकत्र आले, आंदोलन पेटले आणि अखेर कंपनीला तिथून जावे लागले. विज्ञानाला विरोध म्हणून काहींनी त्यांना नावे ठेवली. मला मात्र त्यात तुकोबांच्या डोंगराची आणि पिण्याच्या पाण्याची काळजी एकाच वाक्यात मांडणारी माणसे दिसतात. भामचंद्राच्या आसपासची खोदाई आणि बांधकामे यांविरुद्ध तक्रारी आजही चालू असतात.

दुसरी घटना आपल्या नळाची आहे. पवना धरणातून बंद नळाने थेट पिंपरी-चिंचवडला पाणी आणायची योजना होती. नदीतले पाणी कमी होईल म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यात एक स्त्री होती. योजना त्यानंतर वर्षानुवर्षे रखडली. आपल्या सोसायटीत पाणी दिवसाआड आले की आपण महापालिकेला दोष देतो. त्या पाण्याला मावळातही एक घर आहे, हे आपल्या मुलांना आपणच सांगितले पाहिजे.

आणि नदी. ज्या इंद्रायणीत वारकरी स्नान करतात, तिच्यावर आळंदीत पांढरा फेस तरंगताना आपण बातम्यांत पाहतो. पवनेत चिंचवडच्या घाटाजवळ जलपर्णी पसरते. आपले सांडपाणी आणि आपल्याच उद्योगांचे रसायन त्यात आहे. महसीर आता लोणावळ्याजवळ टाटांच्या वळवण इथल्या केंद्रात वाढवून पाण्यात सोडावा लागतो. माळ बांधून काढल्यावर आणि खेड-जुन्नरच्या उसात मुक्काम केल्यावर बिबट्या चाकणच्या कारखान्याच्या आवारात दिसू लागला, तर त्यात नवल नाही.

कामगारही बदलला. आपल्या वडिलांना कायम नोकरी होती. तिच्या जोरावर प्राधिकरणात प्लॉट आणि आपले शिक्षण झाले. आज त्याच यंत्रांवर कंत्राटी मुले काम करतात. विदर्भातून, बिहारमधून आलेली, एका खोलीत सहा-सहा जण राहणारी. वीस वर्षांनी त्यांची मुले अशाच एखाद्या स्नेहमेळाव्यात स्मरणिका काढतील का, हा प्रश्न मला सतावतो. आपल्याला मिळालेली स्थिरता त्यांना मिळाली तरच ते होईल.

एक विनंती

मोरया गोसावींच्या देवस्थानाचे कागद जपले गेले म्हणून परदेशातल्या माणसाला त्यांच्यावर ग्रंथ लिहिता आला. चापेकरांचे घर जपले गेले म्हणून तिथे स्मारक आहे. पण कारखान्यातल्या आपल्या आई-वडिलांच्या पिढीचे काय जपले आहे? कंपन्यांचे इतिहास कंपन्या लिहितील, पण त्यांत टर्नर, फिटर, कॅन्टीनमधला आचारी आणि बसचा ड्रायव्हर नसेल. ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. गेल्या दोन वर्षांत आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "वडील गेले" असे किती निरोप आले, ते मोजायला नको वाटते.

म्हणून मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या शेजारी मी एक टेबल मांडणार आहे. घरात असेल ते आणा : कंपनीचा बिल्ला, अप्रेंटिसचे प्रमाणपत्र, दसऱ्याच्या पूजेचा फोटो, स्कूटरच्या नंबराची पावती, संपाच्या काळातले पत्रक, प्राधिकरणाचे वाटपपत्र, जमीन गेली असेल तर त्याची नोटीस. तिथेच स्कॅन करून मूळ कागद लगेच परत देईन. भोसरी, चिखली, चाकणच्या मित्रांनी जमिनीचे कागद आवर्जून आणावेत. त्यांची बाजू आजवर कोणी लिहिलेलीच नाही.

आणि मेळाव्याआधी एका रविवारी आई-वडिलांसमोर मोबाइल ठेवून अर्धा तास त्यांना बोलते करा. चारच प्रश्न पुरेत. तुम्ही इथे कोणत्या वर्षी आणि कुणाच्या ओळखीने आलात? पहिल्या दिवशी कोणत्या यंत्रावर उभे राहिलात? पवनेचे पाणी तेव्हा कसे होते? आणि कोणत्या दिवशी सर्वांत जास्त भीती वाटली? माझ्या वडिलांचे उत्तर मी मागच्या महिन्यात नोंदवले. शेवटच्या प्रश्नाला ते बराच वेळ गप्प बसले, मग आईकडे बघून म्हणाले, "हिला विचार, तिला माहितीय." आईचे ध्वनिमुद्रण पाऊण तासाचे झाले आहे.

फाइलला नाव देताना आडनावाऐवजी आलेल्या गावाचे नाव आणि वर्ष लिहा. सूची मी करते.